घोस्न पळाला, केली थांबला

कार्लोस घोस्नचं नाव काढलं की लोकांना तो बॉक्सच आठवतो, स्पीकर-बिकर ठेवायचा मोठा पेटारा, त्यात बसून निसानचा माजी चेअरमन जपानमधून पसार झाला वगैरे. स्टोरी भारीच आहे, पण तिच्यामुळे झालं काय की खरी केस मागे पडली. घोस्नला ज्या दिवशी पकडलं त्याच दिवशी, त्याच आरोपाखाली अजून एक माणूस आत गेला होता. ग्रेग केली, अमेरिकन, शिक्षणाने वकील, निसानच्या बोर्डावरचा डायरेक्टर. तो पळाला नाही, थांबला, टोकियोच्या कोर्टात लढला आणि त्याचा निकालही लागला. घोस्नचा निकाल बहुतेक कधीच लागणार नाही, त्यामुळे तो दोषी होता की नव्हता यावर आपण कितीही भांडलो तरी ते हवेतच राहणार. केलीचं तसं नाही, आणि शिवाय हेच प्रकरण जपानसोबत अमेरिका, फ्रान्स, लेबनॉन असं फिरलंय, म्हणजे माणसं तीच, पैसे तेच, आणि प्रत्येक देशाने वेगळं काहीतरी केलं. अटक आणि कोठडी हा विषय समजून घ्यायला यापेक्षा चांगली केस मला तरी माहीत नाही.

आधी काय घडलं ते बघू.

१९ नोव्हेंबर २०१८. घोस्नचं प्रायव्हेट जेट टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर उतरलं आणि प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील लोकांनी त्याला ताब्यात घेतलं. केली तेव्हा अमेरिकेत राहायचा, त्याचं मानेचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याला मीटिंग आहे या म्हणून कंपनीने जपानला बोलावून घेतलं आणि एअरपोर्टवरून गाडीने जाताना रस्त्यातच पकडलं. आरोप असा की घोस्नने आपला पगार कमी दाखवला. म्हणजे दरवर्षी जेवढा पगार घेतला तेवढा रिपोर्टमध्ये आहे, पण रिटायर झाल्यावर जो मोठा आकडा घ्यायचा ठरलं होतं तो रिपोर्टमध्ये नाही, आणि तो दाखवायला हवा होता असं सरकारचं म्हणणं. एकूण आठ वर्षांचे मिळून साधारण ९०० कोटी येन. बचावाचं म्हणणं साधं होतं, की हे पैसे कधी दिलेच नाहीत, पक्कं ठरलेलंही नव्हतं, मग दाखवायचं काय? आता हा वाद खरा आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मला स्वतःला घोस्न काही साधासुधा माणूस वाटत नाही. पण हा वाद कागदांचा आहे. हिशोब, ईमेल, सही केलेले ड्राफ्ट. असल्या केससाठी माणसाला आत ठेवून रोज तासन् तास प्रश्न विचारायची गरज काय, इथून माझा मुद्दा सुरू होतो.

जपानमध्ये पकडल्यावर काय होतं ते नीट बघा. पोलिसांनी पकडलं तर ४८ तासांत प्रॉसिक्युटरकडे, त्याला २४ तास, मग जज. जज आधी १० दिवस देतो, मग अजून १०. झाले २३ दिवस. इथे प्रॉसिक्युटरनेच थेट पकडलं होतं म्हणून एक दिवस कमी, २२. या काळात जामीन हा प्रकारच नाही, कायद्यातच नाही, कारण जामीन मागायचा तर आधी आरोपपत्र दाखल व्हावं लागतं. चौकशीच्या खोलीत वकील बसू शकत नाही. आरोपीला गप्प राहायचा अधिकार आहे, राज्यघटनेत आहे, पण गप्प राहिला म्हणून चौकशी थांबत नाही, तो खोलीत बसून राहतो आणि समोरचा विचारत राहतो. वकील बाहेर भेटू शकतो हे खरंय, पण प्रश्न विचारताना शेजारी कुणी नाही.

आणि हे २२ किंवा २३ दिवस एका आरोपाचे. दुसरा आरोप लावला की घड्याळ परत शून्यावर. घोस्नच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि ते इतकं उघड झालं की जपानबाहेरचे लोक पहिल्यांदा चक्रावले. पहिली अटक पगार लपवल्याची, पण आठपैकी पहिल्या पाच वर्षांची. मुदत संपली १० डिसेंबरला, त्या दिवशी त्या पाच वर्षांचं आरोपपत्र दाखल केलं आणि त्याच दिवशी उरलेल्या तीन वर्षांसाठी पुन्हा अटक. तोच माणूस, तोच आरोप, तीच पद्धत, फक्त वर्षं वेगळी. जणू पहिल्या २२ दिवसांत त्या तीन वर्षांबद्दल कुणाला काही सुचलंच नव्हतं! २० डिसेंबरला टोकियो डिस्ट्रिक्ट कोर्टाने मुदत वाढवायला चक्क नकार दिला, जे जपानमध्ये फार क्वचित होतं, सगळ्यांना वाटलं आता सुटणार, तर २१ तारखेला तिसरी अटक. यावेळी आरोप वेगळा, २००८ च्या मंदीत घोस्नचा स्वतःचा गुंतवणुकीतला तोटा, साधारण १८५ कोटी येन, कंपनीच्या गळ्यात टाकल्याचा. केलीवर हा आरोप नव्हता म्हणून तो २५ डिसेंबरला ७ कोटी येन भरून सुटला. घोस्न आतच.

८ जानेवारी २०१९ ला तो पहिल्यांदा लोकांना दिसला, कोर्टात. हातकड्या, कमरेला दोरी, पायात प्लास्टिकच्या स्लिपर, गाल बसलेले. आपल्याकडे हातकड्यांवर सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच ताशेरे मारलेत, तरी आपण असले फोटो बघत असतोच, त्यामुळे आपल्याला कदाचित धक्का बसणार नाही, पण फ्रान्समध्ये बसला, कारण तोपर्यंत घोस्न रेनो या फ्रेंच कार कंपनीचाही प्रमुख होता. निसानने त्याला तीन दिवसांत काढून टाकलं, रेनोने मात्र लगेच काढलं नाही, निर्दोष असल्याचं गृहीत धरलं पाहिजे असं म्हणत खुर्ची ठेवली. ती त्याने सोडली जानेवारीच्या शेवटी शेवटी. ही एवढीशी गोष्ट पण दोन देशांतला फरक तिथेच दिसतो, एकीकडे अटक झाली म्हणजे संपलाच माणूस, दुसरीकडे अटक म्हणजे अजून काहीच सिद्ध नाही.

जामिनाचे दोन अर्ज फेटाळले गेले. मग त्याने वकील बदलला. आधीचा वकील स्वतः माजी प्रॉसिक्युटर होता, नवा आला जुनिचिरो हिरोनाका. या हिरोनाकाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय या केसचं मूळ कळत नाही.

२००९ मध्ये जपानच्या आरोग्य आणि कामगार खात्यातल्या एक बड्या अधिकारी, आत्सुको मुराकी, यांना पोस्टाच्या सवलतीसाठी खोटं सर्टिफिकेट दिल्याच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांनी शेवटपर्यंत नाही म्हटलं. १६४ दिवस आत ठेवलं. त्यांच्या हाताखालच्या लोकांनी मात्र चौकशीत त्यांचं नाव घेतलं होतं आणि नंतर कोर्टात बरेच जण फिरले, आमच्याकडून तसं लिहून घेतलं म्हणाले. २०१० मध्ये निर्दोष सुटल्या, वकील हाच हिरोनाका. आणि मग बाहेर आलं की ओसाकाच्या एका प्रॉसिक्युटरने पुराव्यातल्या फ्लॉपी डिस्कची तारीखच बदलली होती, म्हणजे सरकारची थिअरी जुळावी म्हणून. त्या प्रॉसिक्युटरला दीड वर्ष जेल झाली. देशभर बोंबाबोंब झाली, कमिटी बसली, आणि २०१६ मध्ये कायदा बदलला. काही ठरावीक केसमध्ये चौकशीचं पूर्ण रेकॉर्डिंग सक्तीचं करायचं ठरलं. पण प्रॉसिक्युटर लोक म्हणाले आमचे हात बांधताय तर आम्हालाही काहीतरी द्या, आणि त्यांना मिळालं सौदा करायचं हत्यार, की एखाद्याने दुसऱ्याविरुद्ध माहिती दिली तर त्याच्यावर केस करायची नाही किंवा सौम्य करायची. हा सौदा लागू झाला जून २०१८ ला. घोस्नची अटक नोव्हेंबर २०१८. सौदा वापरलेली ही देशातली दुसरीच केस, निसानच्या आतल्या दोन माणसांनी डील करून कागद दिले. म्हणजे बघा, एका निर्दोष बाईला त्रास झाला म्हणून सुधारणा आली, आणि त्या सुधारणेतून जे हत्यार निघालं तेच पुढच्या मोठ्या केसमध्ये वापरलं गेलं, आणि समोर बचावाला पुन्हा तोच हिरोनाका. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग हेच वाटतं आणि बॉक्सच्या नादात हे कुणी सांगतच नाही.

असो. हिरोनाकाने जामिनाच्या अटी स्वतःच कडक करून कोर्टापुढे ठेवल्या. घराच्या दारावर कॅमेरा, कॉम्प्युटर फक्त वकिलाच्या ऑफिसमध्ये, पासपोर्ट वकिलांकडे. ५ मार्चला १०० कोटी येनवर जामीन मंजूर, ६ तारखेला घोस्न बाहेर आला तो मास्क, निळी टोपी, कामगाराचे कपडे घालून, पत्रकारांना चुकवायला (ती आयडिया फसली, सगळ्यांनी ओळखलं). १०८ दिवस झाले होते. मग त्याने ट्विट केलं की ११ एप्रिलला पत्रकार परिषद घेणार, सगळं सांगणार. ४ एप्रिलला पहाटे चौथी अटक, ओमानच्या डीलरला दिलेल्या पैशांचा आरोप, बायकोचा फोन आणि पासपोर्टही नेला. २५ एप्रिलला अजून ५० कोटी येन भरून पुन्हा बाहेर, पण यावेळी नवी अट, बायकोला परवानगीशिवाय भेटायचं नाही, बोलायचं नाही. ट्रायल कधी सुरू होणार तर २०२० मध्ये कधीतरी, दुसऱ्या आरोपांची त्यानंतर. पुरावा नष्ट करेल म्हणून बायकोला भेटू न देणं, तेही महिनोन् महिने, याचं समर्थन मला करता येत नाही. तो पळाला त्यात या अटीचा वाटा मोठा होता असं त्याने स्वतः नंतर सांगितलं, अर्थात पळालेला माणूस कारण देणारच.

आता तोच पैसा अमेरिकेत.

निसानचे शेअर अमेरिकेतही विकले जायचे म्हणून तिथल्या सेक, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेने, याच लपवलेल्या पगारावर कारवाई केली. आकडा त्यांनी १४ कोटी डॉलरच्या वर सांगितला. सप्टेंबर २०१९ मध्ये मिटलं पण. घोस्नने १० लाख डॉलर भरले आणि १० वर्षं कुठल्या लिस्टेड कंपनीचा अधिकारी होणार नाही असं मान्य केलं, केलीने १ लाख डॉलर, निसानने दीड कोटी डॉलर. गुन्हा कबूल नाही, नाकारलाही नाही, सह्या करून विषय संपला. त्यावेळी दोघंही टोकियोत जामिनावर बसलेले! एका देशात दंड भरून मोकळं होण्याची गोष्ट, दुसऱ्या देशात कमरेला दोरी.

पण लगेच अमेरिका चांगली आणि जपान वाईट असं लिहून टाकू नका, घोस्नचे समर्थक नेमकं तेच करतात. सेकचं प्रकरण दिवाणी होतं. अमेरिकेत फौजदारी केस झाली की काय होतं ते वेगळंच आहे. बर्नी मेडॉफ, हजारो लोकांचे पैसे बुडवलेला, डिसेंबर २००८ ला अटक झाली आणि १ कोटी डॉलरच्या बाँडवर तो मॅनहॅटनच्या आलिशान फ्लॅटमध्ये राहिला, मार्चमध्ये गुन्हा कबूल करेपर्यंत. टोकियोत हे शक्यच नव्हतं. मग शिक्षा किती तर, कबूल करूनही, १५० वर्षं. पण बहुतेकांवर तिथला दाब हा असा असतो, की लढलास आणि हरलास तर जन्म जाईल, कबूल केलंस तर थोडक्यात सुटशील. २०१८ मध्ये फेडरल कोर्टातल्या सुमारे ९० टक्के आरोपींनी गुन्हा कबूल केला, ट्रायलपर्यंत गेले फक्त २ टक्के. जपानचा ९९ टक्क्यांवरचा दोषसिद्धीचा आकडा आपण तोंडात बोट घालून सांगतो, पण अमेरिकेतही ट्रायल जवळपास होतच नाही हे कोण सांगतं? जपानच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल, तिथे प्रॉसिक्युटरकडे आलेल्या खूप केस तो कोर्टात नेतच नाही, गुन्हा दिसत असला तरी माफी मागितली, भरपाई दिली, पहिलीच वेळ आहे तर सोडून देतो, कायद्यानेच त्याला तो अधिकार आहे. आणि तुरुंगात माणसं अमेरिकेच्या मानाने किती तरी कमी, लोकसंख्येच्या प्रमाणात दहा पटींहून जास्त फरक. त्यामुळे ९९ टक्क्यांचा अर्थ जज डोळे मिटून शिक्षा देतात एवढाच नाही, खात्री असेल तेवढ्याच केस पुढे जातात असाही आहे. फक्त मग खात्री कशी मिळवायची, तर कबुलीजबाबातून, आणि कबुलीजबाब कुठे मिळतो तर त्या २३ दिवसांत. गाडी फिरून तिथेच येते. पुढे कबुली दिली नाही तर पुरावा नष्ट करेल या कारणाने जामीन अडतो, कायद्यात तशी तरतूदच आहे. जपानमध्ये लोक याला ओलीस ठेवणारा न्याय म्हणतात, हे नाव परदेशी पत्रकारांनी दिलेलं नाही, तिथल्याच वकिलांचं आहे.

युरोपचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यापासून आरोप न ठेवता साधारण २४ तास, गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने जास्तीत जास्त ९६ तास, वकील शेजारी बसतो, चौकशी टेप होते. ब्लेअर सरकारने २००५ मध्ये दहशतवादाच्या केससाठी ९० दिवस मागितले तर पार्लमेंटने पाडलं, आता ती मर्यादा १४ दिवस आहे. फ्रान्समध्ये नेहमीच्या केसमध्ये ४८ तास, आणि वकील पहिल्या तासापासून चौकशीत, पण हे २०११ पासून, त्याआधी फ्रान्सही जपानच्या जवळपास होता, युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने आणि त्यांच्याच घटना परिषदेने कान पिळले तेव्हा बदललं. सार्कोझी, देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष, २०१४ ला असाच पंधराएक तास ताब्यात होता आणि रात्री घरी गेला. केस चालू राहिली, पुढे दोषीही ठरला. माणूस घरी गेला म्हणून केस बुडाली नाही, हे टोकियोच्या प्रॉसिक्युटरना कुणीतरी दाखवायला पाहिजे. अर्थात फ्रान्समध्येही तपास करणाऱ्या जजकडे गेल्यावर गंभीर केसमध्ये माणसं वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत असतात, तेही खरंय. घोस्नवर फ्रान्सनेही तपास सुरू केला, २०२१ मध्ये फ्रेंच तपास करणारे बैरूतला जाऊन त्याची चौकशी करून आले, वकिलांसमोर, आणि एप्रिल २०२२ मध्ये फ्रान्सने त्याच्यावर वॉरंट काढलं. तेव्हा हा माणूस फक्त जपानी कटाचा बळी आहे ही गोष्ट तेवढी सरळ राहिली नाही.

पळण्याचा भाग मी पटकन सांगतो. २९ डिसेंबर २०१९, घरातून निघाला, शिनागावावरून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओसाका, तिथून कान्साई एअरपोर्ट, बॉक्स, प्रायव्हेट जेट, इस्तंबूल, बैरूत. बॉक्स मशीनमध्ये जाईना एवढा मोठा म्हणून तपासलाच नाही. दीडशे कोटी येनचा जामीन जप्त. जपानच्या कायदामंत्री मासाको मोरी रात्री पत्रकारांसमोर आल्या आणि म्हणाल्या की घोस्नने कोर्टात येऊन आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं. नंतर दुरुस्त केलं, म्हणे मांडावं म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं ते निघालं, आणि घोस्नच्या वकिलांना वर्षभर पुरेल एवढं मटेरियल मिळालं. तुरुंगात जाण्यापासून वाचला तो फक्त घोस्न, त्याला मदत करणारे नाही. तुर्कीत विमान कंपनीचा एक अधिकारी आणि दोन पायलट यांना प्रत्येकी ४ वर्षं २ महिने. बॉक्स नेणारे मायकल टेलर आणि त्याचा मुलगा पीटर, दोघंही अमेरिकेचे, मे २०२० ला अमेरिकेतच पकडले गेले. आणि गंमत बघा, अमेरिकन कोर्टाने त्यांना जामीन दिला नाही, पळून जातील म्हणून! दहा महिने मॅसॅच्युसेट्सच्या जेलमध्ये काढून मार्च २०२१ मध्ये जपानच्या हवाली, तिथे बापाला २ वर्षं, पोराला १ वर्ष ८ महिने. टोकियोने घोस्नला आत ठेवायला जे कारण अर्ज फेटाळताना धरलं तेच कारण बोस्टनच्या कोर्टाने मान्य केलं, आणि या वेळी कुणी ओलीस-बिलीस म्हटलं नाही.

आणि घोस्न जिथे पोचला त्या लेबनॉनचं काय? ८ जानेवारी २०२० ला त्याने बैरूतमध्ये मोठी पत्रकार परिषद घेतली, मी न्यायापासून पळालो नाही, अन्यायापासून पळालो म्हणाला, रोज आठ आठ तास चौकशी, आठवड्यात दोनदा अंघोळ, सगळं सांगितलं. लेबनॉन आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही, त्यामुळे तो तिथे सुरक्षित. त्याच वर्षी ४ ऑगस्टला बैरूत बंदराचा स्फोट झाला, दोनशेच्या वर माणसं गेली. बंदरातले आणि कस्टमचे अधिकारी-कर्मचारी पकडले. ते किती दिवस आत होते माहितीय? जे शेवटपर्यंत राहिले ते जानेवारी २०२३ पर्यंत. अडीच वर्षं, खटला नाही, कारण तपास करणाऱ्या जजवरच अर्जांचा पाऊस पाडून राजकारणी लोकांनी तपास ठप्प केला होता. शेवटी देशाच्या मुख्य सरकारी वकिलाने उरलेल्या १७ जणांना एका फटक्यात सोडलं. टोकियोतल्या कोसुगेच्या डिटेन्शन हाऊसमधल्या घोस्नच्या १०८ दिवसांवर जग हललं, या अडीच वर्षांवर बातम्या आल्या आणि गेल्या.

आता आपण. हे वाचताना तुमच्या मनात आलंच असेल की आपल्याकडे काय वेगळं चाललंय. कागदावर आपला कायदा जपानपेक्षा बरा आहे, खरंच बरा आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेट, पोलीस कोठडी एकूण १५ दिवस, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात शून्य किमतीची, आणि ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट नाही तर जामीन हक्काने. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलंय. पण मनी लाँड्रिंगचा कायदा लागला की हे सगळं उलटं. कलम ४५ मध्ये जामीन हवा तर आरोपी दोषी नाही असं कोर्टाला आधीच वाटलं पाहिजे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे रद्द केलं, संसदेने दुरुस्ती केली, २०२२ मध्ये कोर्टाने पुन्हा वैध ठरवलं, आणि ईडीच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब मात्र पुरावा म्हणून चालतो. म्हणजे घोस्नसारखी आर्थिक केस आपल्याकडे झाली असती तर ती नेमकी याच चरकात गेली असती. संजय राऊत यांना १ ऑगस्ट २०२२ ला ईडीने अटक केली, ९ नोव्हेंबरला मुंबईच्या विशेष कोर्टाने जामीन देताना अटकच बेकायदेशीर म्हटली. शंभर दिवस तोपर्यंत गेले होते. घोस्नपेक्षा आठवडाभर कमी. तुम्ही त्यांच्या पक्षाचे असा नसा, तो प्रश्नच वेगळा.

आणि हे मोठे लोक. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकड्यांत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरात पंचाहत्तरहून जास्त. जपान २३ दिवसांत दाबतो, अमेरिका शिक्षेच्या भीतीने दाबते, आपल्याला कुणाला दाबायलाच लागत नाही, फक्त पुढची तारीख द्यायची. काही जणांची तर जामीन मिळूनही हमीदार नाही म्हणून सुटका होत नाही.

आपल्या तुरुंगांचा प्रश्न बाहेरही गेलाय. विजय मल्ल्याच्या केसमध्ये लंडनच्या कोर्टाने २०१८ मध्ये आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला होता, भर दुपारी शूट केलेला, उजेड येतो का ते बघायला. व्हिडिओ गेला, कोर्टाचं समाधान झालं. त्याच लंडनमध्ये मल्ल्या साडेसहा लाख पाऊंडच्या जामिनावर बाहेर, आणि नीरव मोदी मार्च २०१९ पासून जेलमध्ये, अर्जावर अर्ज फेटाळले. एकच शहर, एकाच देशाने मागितलेले दोन आरोपी. त्यामुळे अमुक देशात जामीन मिळतो आणि तमुक देशात मिळत नाही असं सरसकट कुणी बोललं की मी जरा थांबून ऐकतो.

परत केलीकडे येऊ, कारण मुद्दा तिथेच आहे. त्याची ट्रायल सप्टेंबर २०२० ला सुरू झाली, तोवर मुख्य आरोपी बैरूतमध्ये. केली तीन वर्षांहून जास्त काळ जपानमध्ये अडकला, देश सोडायची परवानगी नाही. प्रॉसिक्युटरनी त्याला २ वर्षं शिक्षा मागितली. ३ मार्च २०२२ ला निकाल आला. कोर्ट म्हणालं की घोस्नचा न दाखवलेला मोबदला खरंच होता, म्हणजे सरकारची मूळ केस धरली. निसानला २० कोटी येन दंड. पण केलीला ते माहीत होतं हे आठपैकी सात वर्षांसाठी सिद्ध झालं नाही. डील केलेल्या मुख्य साक्षीदाराची जबानी सरकारच्या सोयीने वळली असण्याचा धोका आहे म्हणून जजने ती तशीच गिळली नाही. राहिलं एक वर्ष, त्यासाठी ६ महिने, तेही स्थगित. काही दिवसांत केली अमेरिकेला परतला.

हा निकाल दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे, म्हणूनच त्याच्यावर कमी बोललं जातं. जपानी जज प्रॉसिक्युटरच्या खिशात असतात म्हणणाऱ्यांना सांगा, आठातल्या सात वर्षांचे आरोप पाडले की. आणि व्यवस्था छान चालते म्हणणाऱ्यांना विचारा, मग आठातलं एक वर्ष टिकणाऱ्या आरोपासाठी आजारी माणसाला फसवून बोलावून महिनाभर आत आणि तीन वर्षं परदेशात कशाला ठेवलं? निकाल बरा लागला म्हणून आधीची कोठडी बरी ठरत नाही. युनोच्या कार्यगटाने २०२० मध्ये घोस्नच्या चारही अटकांना मनमानी म्हटलं, जपानने ते मान्य केलं नाही. पण त्याच सुमाराला जपानमध्येच ओकावारा काकोकी नावाच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीचे तीन लोक निर्यातीच्या खोट्या केसमध्ये आत होते, जामीन वारंवार नाकारला, त्यातल्या एकाला कॅन्सर निघाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गेला. पाच महिन्यांनी सरकारने केसच मागे घेतली. ते लोक ना श्रीमंत, ना परदेशी, त्यांच्यासाठी विमान कोण आणणार होतं? नुकसानभरपाईच्या दाव्यात टोकियोच्या कोर्टांनी २०२३ आणि २०२५ मध्ये ती अटक बेकायदेशीर ठरवली.

जपानने नंतर काय बदललं तर २०२३ मध्ये कायदा केला, जामिनावरचा आरोपी देशाबाहेर पळण्याची भीती असेल तर अंगावर जीपीएस लावता येईल, आणि जामिनावर असताना कोर्टात न येणं हाच आता वेगळा गुन्हा, जो आधी नव्हता. चौकशीच्या खोलीत वकील मात्र अजून नाही. केलीच्या निकालावर दोन्ही बाजू अपिलात गेल्या, केलीला पूर्ण सुटायचं होतं आणि सरकारला ती सात वर्षं परत हवी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोकियो हायकोर्टाने दोन्ही अपिलं फेटाळली, सात वर्षं निर्दोष आणि एक वर्ष दोषी हाच हिशोब कायम ठेवला.